अवकाश क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या कारखानदारास: आधी आकडा पाहावा, काम वर्षातून किती वेळा येते याचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत चार सीएनसी आणि दोन व्हीएमसी (संगणकाने चालणारी धातूकामाची यंत्रे) असलेला एक कारखाना गेली अठरा वर्षे मोटारींच्या इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे भाग करून देत आहे. विजेवरच्या गाड्यांमुळे यातले बरेच काम पुढे आटत जाईल, अशी मालकांना रास्त भीती वाटते. अवकाश क्षेत्र खासगी उद्योगाला खुले झाल्याचे ते वाचत आहेत आणि पाच-अक्षीय यंत्रासाठी (जे अवघड आकाराचा भाग एकाच पकडीत पाच दिशांनी कापते) कर्ज द्यायला बँक तयार आहे. या क्षेत्राचा व्यापारी ओघ नेमका कुठे चालला आहे आणि हे यंत्र आता घ्यावे का, असे त्यांनी विचारले आहे.

रॉकेट आणि उपग्रह यांच्या सुट्या भागांची तपासणी करण्यात आणि त्यांचे पुरवठादार उभे करण्यात माझी एकतीस वर्षे गेली. त्या अनुभवावरून सांगतो की क्षेत्राची वाढ खरी आहे, आणि आपल्यासारख्या कारखान्याला त्यात जागाही आहे. मात्र केवळ रॉकेटच्या कामाच्या भरवशावर यंत्र घेऊ नये. असे मी का म्हणतो, ते जरा विस्ताराने मांडतो, कारण या धंद्यातली बहुतेक नुकसाने अपुऱ्या कौशल्यामुळे होत नाहीत, तर काम किती वेळा येणार याचा अंदाज चुकल्यामुळे होतात.

सुरुवात पैसा कुठे आहे इथून करू. अमेरिकेतील उपग्रह उद्योग संघटनेच्या वार्षिक अहवालानुसार २०२३ मध्ये जगभरातील व्यापारी उपग्रह उद्योगाची उलाढाल सुमारे २८५ अब्ज डॉलर होती. त्यात प्रक्षेपणाचा वाटा सुमारे ७ अब्ज आणि उपग्रह बांधणीचा सुमारे १७ अब्ज होता, तर जमिनीवरची उपकरणे सुमारे १५० अब्जांची आणि उपग्रहांवर चालणाऱ्या सेवा सुमारे ११० अब्जांच्या होत्या. म्हणजे दूरचित्रवाणीवर जे रॉकेट ज्वाळा सोडत वर जाताना दिसते, त्याचा हिस्सा शंभर रुपयांत अडीच रुपयांच्या आसपास येतो. जमिनीवरच्या उपकरणांचा आकडा वाचतानाही सावध राहावे, कारण मोबाइल आणि गाड्यांमधले स्थाननिश्चितीचे चिप त्यात मोठ्या प्रमाणात धरलेले असतात आणि तिथे आपल्यासारख्यांना वाव नाही. सेवांच्या रकमेतही मोठा भाग उपग्रहावरून घरोघरी पोहोचणाऱ्या टीव्हीचा आहे आणि तो आता ओसरतो आहे. तरीही अँटेना, त्यांचे फिरते पाय, वेव्हगाइड (रेडिओ लहरी वाहून नेणाऱ्या धातूच्या नळ्या) आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या पेट्या असे जमिनीवरचे बरेच काम शुद्ध मशिनिंगचे असते, आणि ते रॉकेटपेक्षा अधिक नियमाने येते.

आता रॉकेटकडे वळू. ‘स्पेसएक्स’ने फाल्कन ९ रॉकेटचा पहिला टप्पा डिसेंबर २०१५ मध्ये जमिनीवर सुखरूप उतरवला आणि मार्च २०१७ मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडवला. पुनर्वापरामुळे अवकाश स्वस्त झाले, असे तेव्हापासून सर्वत्र म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. अमेरिकेचे स्पेस शटलही पुन्हा वापरता येत होते. १९८१ ते २०११ या तीस वर्षांत त्याची १३५ उड्डाणे झाली आणि ते कधीच स्वस्त पडले नाही, कारण प्रत्येक फेरीनंतर त्याच्या दुरुस्तीवर अफाट माणसे आणि महिने खर्ची पडत. फाल्कनच्या कुटुंबाने २०२४ या एकाच वर्षात १३४ उड्डाणे केली. कारखाना, उड्डाणतळ आणि हजारो माणसांचे पगार हा खर्च उड्डाण झाले काय आणि न झाले काय, होतच असतो. तो १३४ वाट्यांत विभागला गेला म्हणून एकेक वाटा लहान झाला. इतकी उड्डाणे मिळाली तीही बाहेरच्या गिऱ्हाइकांमुळे नव्हे. त्यातली बहुतांश कंपनीच्याच, इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंक उपग्रहांसाठी होती. या कंपनीने आपले सर्वांत मोठे गिऱ्हाईक स्वतःच तयार केले, हे मला उतरणाऱ्या टप्प्याहूनही महत्त्वाचे वाटते.

कारखानदाराच्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. फाल्कनचा पहिला टप्पा परत येतो, दुसरा येत नाही. म्हणजे १३४ उड्डाणांसाठी १३४ नवे दुसरे टप्पे लागले, साधारण पावणेतीन दिवसांना एक. हा आकडा मोटार उद्योगातल्या माणसाला ओळखीचा वाटेल, कारण यात लय आहे, लॉट आहे, यंत्र रिकामे राहत नाही. पण ही कंपनी बहुतेक भाग स्वतःच्या छपराखाली करते, आणि अमेरिकेचे निर्यात नियंत्रणाचे कायदे रॉकेट तंत्रज्ञानाच्या बाबतीत इतके कडक आहेत की भोसरीतून त्या साखळीत शिरण्याची आशा धरू नये.

मग आपल्याकडची लय काय आहे? २०२४ मध्ये भारतातून पाच कक्षीय उड्डाणे झाली, सगळी इस्रोच्या रॉकेटांची: पीएसएलव्हीची तीन, त्याहून मोठ्या जीएसएलव्हीचे एक आणि लहान एसएसएलव्हीचे एक. विकास हे इस्रोचे द्रव इंधनाचे इंजिन आपल्या ओळखीचे आहे म्हणून त्याचाच हिशेब मांडतो. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात ते एक असते. जीएसएलव्हीच्या बाजूंना बांधलेल्या चार टप्प्यांत प्रत्येकी एक आणि दुसऱ्या टप्प्यात एक, अशी पाच असतात. एसएसएलव्हीचे तिन्ही मुख्य टप्पे घन इंधनाचे असल्याने त्यात ते लागत नाही. म्हणजे त्या वर्षी उडालेली विकास इंजिने आठ. एखादा भाग प्रत्येक इंजिनात चार नग लागतो असे धरले, तर वर्षाचे काम बत्तीस नगांचे, आणि सध्याच्या गाडीच्या भागांचे एवढे नग आपल्याकडे चहाच्या सुट्टीआधी निघत असतील.

यावर कोणी विचारेल की मग विक्रोळीचे गोदरेज दशकानुदशके ही इंजिने कशी करत आले, आणि इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यातून रॉकेट मोटरची आवरणे इतकी वर्षे कशी बाहेर पडत आहेत. याचे उत्तर त्यांच्या इतर विभागांत आहे. या दोन्ही ठिकाणी अवकाशाचे काम हे मोठ्या उद्योगसमूहातले एक दालन आहे. ज्या वर्षी ऑर्डर रोडावते, त्या वर्षी दुसरी दालने पगार भागवतात. वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रे, सिमेंटची यंत्रसामग्री आणि अणुऊर्जेची कामे होती. लहान कारखान्याला हे छप्पर स्वतः उभारावे लागते.

२०१९ पासून धोरणाच्या पातळीवर जे बदलले, ते मी मनापासून मोलाचे मानतो. २०१९ मध्ये न्यूस्पेस इंडिया लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली, जून २०२० मध्ये खासगी उद्योगाला परवानगी आणि साहाय्य देणाऱ्या इन-स्पेसची घोषणा झाली, आणि २०२३ मध्ये अवकाश धोरण आले. २०२४ मध्ये परकीय गुंतवणुकीचे नियम सैल होऊन सुट्या भागांच्या निर्मितीत शंभर टक्के गुंतवणुकीला थेट वाट मिळाली. मात्र पुरवठादाराला खरा फरक जाणवतो तो संपूर्ण रॉकेट उद्योगाच्या हाती सोपवण्याच्या करारांत. सप्टेंबर २०२२ मध्ये पाच पीएसएलव्ही बांधण्याचे ८६० कोटी रुपयांचे कंत्राट हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांना मिळून दिले गेले, म्हणजे एका रॉकेटमागे १७२ कोटी. जून २०२५ मध्ये एसएसएलव्हीचे तंत्रज्ञान घेण्यासाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सची ५११ कोटींची बोली सर्वांत वरची ठरली. पूर्वी इस्रो कच्चा माल देई, ड्रॉइंग देई, तपासनीस पाठवी आणि बिल चुकते करी. लहान पुरवठादाराला भाव मिळे आणि धोका जवळजवळ नसे. आता मधे एक उद्योग उभा राहिला आहे, ज्याने रॉकेट ठरावीक किमतीत बांधायचे कबूल केले आहे. तो आपल्याकडून दर वर्षी दर कमी करून मागेल, माल आपल्यालाच आणायला लावेल आणि नकाराचा खर्च आपल्या खात्यावर टाकेल. वाहन उद्योगात आपण हेच अठरा वर्षे सोसले आहे, त्यामुळे या बाबतीत आपण जुन्या अवकाश पुरवठादारांहून अधिक तयार आहात, असे माझे मत आहे.

नव्या खासगी रॉकेट कंपन्यांबद्दल आपुलकी असूनही सावधपणे लिहितो. हैदराबादच्या स्कायरूटने नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम-एस उडवले, चेन्नईच्या अग्निकुलने मे २०२४ मध्ये एकसंध छापलेल्या इंजिनावर आपले यान उडवले. दोन्ही चाचण्या उपकक्षीय होत्या, म्हणजे यान कक्षेत न जाता वर जाऊन खाली आले, पण इतक्या तरुण चमूंनी तिथवर मजल मारणे ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र लहान रॉकेटचा धंदा जगभर कठीण झाला आहे, आणि त्याचे कारण आपल्या मालवाहतुकीच्या भाषेत चटकन समजते. फाल्कनवरून लहान उपग्रह ‘पार्ट लोड’ने, म्हणजे इतरांच्या मालासोबत, पाठवायचा तर २०२४-२५ मध्ये किलोमागे साधारण सहा ते साडेसहा हजार डॉलर पडत. लहान रॉकेट म्हणजे स्वतःचा स्वतंत्र टेम्पो. न्यूझीलंडमधून उडणाऱ्या इलेक्ट्रॉन या लहान रॉकेटमध्ये सुमारे तीनशे किलो माल बसतो आणि किलोचा दर कित्येक पटींनी चढतो. ज्याला नेमकी कक्षा आणि नेमकी तारीख हवी तोच हा दर देतो, आणि असे गिऱ्हाईक थोडे असते. विमानाखालून रॉकेट सोडणारी व्हर्जिन ऑर्बिट एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. इलेक्ट्रॉन बांधणारी रॉकेट लॅब टिकली, पण २०२४ मध्ये तिच्या उत्पन्नाचा निम्म्याहून बराच मोठा भाग प्रक्षेपणातून आला नव्हता. तो उपग्रह, सौर घट आणि इतर उपकरणे यांतून आला होता. रॉकेट बांधणारी कंपनीसुद्धा सुटे भाग विकून जगते आहे, हे ध्यानात घ्यावे.

फेब्रुवारी २०१७ मध्ये पीएसएलव्हीने एका उड्डाणात १०४ उपग्रह सोडले, त्यातले ८८ ‘प्लॅनेट’ या एकाच अमेरिकी कंपनीचे होते. तेव्हा लहान उपग्रहांची ही वाहतूक आपल्याकडेच राहील असे आम्हा अनेकांना वाटले होते. पुढे पार्ट लोडचे दर खाली आले, तारखा पक्क्या मिळू लागल्या आणि गिऱ्हाईक तिकडे वळले. बंगळुरूच्या पिक्सेलनेही पृथ्वीच्या प्रतिमा घेणारे आपले पहिले तीन फायरफ्लाय उपग्रह जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातून फाल्कनवर पाठवले. त्यात त्यांचे काही चुकले नाही. माल वेळेवर पोहोचणे ही कोणत्याही व्यापाऱ्याची पहिली गरज असते. मे २०२५ मध्ये पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्यातील बिघाडाने एक मोहीम फसली, तेव्हा त्या रॉकेटच्या रांगेतले सगळेच थांबले, आणि त्यांच्यामागे लहान पुरवठादारांचे लॉटही. रॉकेटचा पुरवठादार असणे म्हणजे असे काही महिने पोटाला चिमटा घेण्याची तयारी ठेवणे.

याच्या उलट, अनेक उपग्रहांचे ताफे उभारण्याच्या प्रवाहात मला आपल्या कारखान्याची जागा अधिक स्पष्ट दिसते. पूर्वी भूस्थिर कक्षेतला एक मोठा उपग्रह पाच-सहा टनांचा, पंधरा वर्षे चालणारा आणि जवळजवळ हाताने घडवलेला असे. स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह मे २०१९ मध्ये गेले आणि आज त्यांचे हजारो उपग्रह वर आहेत. खालच्या कक्षेतला असा उपग्रह साधारण पाच वर्षांत निवृत्त होतो, म्हणजे ताफा पूर्ण झाला तरी त्याचे उत्पादन थांबत नाही. इथे एकाच ड्रॉइंगचे शंभर, दोनशे, पाचशे नग लागतात, आणि लॉटमधला शेवटचा नग पहिल्यासारखाच निघावा यासाठी जी शिस्त लागते, ती पुण्याच्या वाहन उद्योगाने आपल्या अंगी मुरवली आहे.

पण ताफ्यांचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवूनच उधारी द्यावी. उपग्रहांवरून फोनसेवा देणाऱ्या इरिडियमने सुमारे पाच अब्ज डॉलर खर्चून ६६ उपग्रहांचे जाळे उभारले, नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू केली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळे काढले. ते सगळे जाळे पुढे अवघ्या अडीच कोटी डॉलरला विकले गेले. गंमत अशी की नव्या मालकांनी ते नीट चालवले, आणि २०१७ ते २०१९ या काळात सगळे उपग्रह बदलूनही टाकले. उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या वनवेबने मार्च २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ब्रिटनचे सरकार आणि आपला भारती उद्योगसमूह यांनी ती विकत घेतली. त्याच वनवेबचे ७२ उपग्रह, रशियाच्या रॉकेटांची दारे बंद झाल्यावर, ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये आपल्या एलव्हीएम३ या मोठ्या रॉकेटने वर नेले. दोन्ही ठिकाणी तंत्र टिकले, सेवा टिकली, पहिल्या मालकाचे पैसे बुडाले. अशा वेळी भाग पुरवणारा लहान कारखानदार घेणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी उभा असतो. माझ्या ओळखीच्या एका कारखान्याने परदेशी नवउद्योगासाठी ॲल्युमिनियमच्या चौकटींचे दोन लॉट दिले, तिसऱ्याचा माल आगाऊ भरला आणि मग तिकडची गुंतवणूक थांबली. ती दुसऱ्या कशातही न बसणारी चौकटींची खोकी मी त्यांच्या मांडणीवर चार वर्षे पाहिली आहेत. म्हणून कच्च्या मालाची रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय धातूचा बार कापू नये, मग गिऱ्हाइकाचे नाव कितीही मोठे असो.

उपग्रहांची माहिती विकण्याचा धंदा आपल्या प्रश्नाच्या कक्षेबाहेर आहे, तेव्हा त्यावर थोडेच लिहितो. पृथ्वीच्या प्रतिमांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक जगभर अजून सरकार आणि संरक्षण खाते हेच आहे. शेतीत हळूहळू मागणी येते आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसासाठी उपग्रहप्रतिमा, हवामान केंद्रे आणि जमिनीतले संवेदक यांची सांगड घातली आहे, आणि आपल्या राज्यात या प्रवाहाला खरी जमीन आहे. पण शेतकरी प्रतिमेचे पैसे देत नाही, तो सल्ल्याचे देतो, आणि तेही पीक हाती आल्यावर.

आता आपल्या शॉप फ्लोअरकडे येतो. टायटॅनियम कापता येते का, दहा मायक्रॉन धरता येतात का, असे नवा माणूस विचारतो. ते आपल्याला जमेलच. अवघड आहे ते प्रत्येक तुकड्याचा माग राखणे. बार आला की त्यावर धातू गिरणीचा हीट नंबर, म्हणजे तो धातूच्या कोणत्या वितळीतून आला याचा क्रमांक, असतो. तुकडा कापायच्या आधी तो नंबर उरणाऱ्या बारवर पंच करायचा आणि कापलेल्या तुकड्यावरही, आणि दोन्हींची नोंद वहीत करायची. कापल्यानंतर पंच करू असे म्हणून ऑपरेटर जेवायला गेला आणि परत आल्यावर टेबलावर सारखे दिसणारे दोन तुकडे सापडले, तर दोन्ही भंगारात. ते उत्तम आहेत हे सगळ्यांना ठाऊक असते, पण ते कोणत्या बारचे हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. एका नगाच्या मशिनिंगला दोन तास लागले तर त्याच्या कागदांना तेवढाच वेळ लागतो, हे धरूनच दर द्यावा. पहिली दोन वर्षे मी पाहिलेला जवळजवळ प्रत्येक नवा पुरवठादार कागदांचा वेळ दरात धरायला विसरला होता.

दुसरी गोष्ट प्लेटिंगची. आपल्याकडे बोल्ट म्हटला की झिंक प्लेटिंग हे हाताला लागलेले वळण आहे. निर्वात जागेत, विशेषतः भाग तापला की, झिंक आणि कॅडमियम यांची वाफ होते आणि ती जाऊन भिंगावर किंवा विजेच्या संपर्कांवर बसते, म्हणून उपग्रहात ही दोन्ही वर्ज्य असतात. नोकरीच्या आठव्या वर्षी मी स्वतः मंजूर केलेल्या एका लॉटमध्ये भाग निर्दोष होते, पण ते जोडून पाठवताना वापरलेले साधे तात्पुरते स्क्रू कॅडमियम चढवलेले होते. गिऱ्हाइकाच्या तपासनिसाने ते पांढऱ्या कापडावर ओळीने मांडून मला दाखवले. सगळा लॉट परत आला, सगळे आटे पुन्हा साफ करून पुन्हा तपासावे लागले, आणि ती चूक माझी होती. तेव्हापासून मी नव्या पुरवठादाराकडे गेलो की आधी यंत्रे पाहत नाही, स्क्रू ठेवण्याचे डबे पाहतो.

त्रिमितीय छपाईने मशिनिंग संपेल का, असेही आपण विचारले आहे. इंजिनाच्या आतल्या थंडाव्याच्या वाहिन्या छापून निघतात, त्या कापायचे काम खरोखरच गेले. पण छापलेल्या भागाची बसण्याची पृष्ठे, आटे आणि सीलची खाच अजून यंत्रावरच करावी लागते, आणि छापलेला ओबडधोबड भाग पकडायला चांगला फिक्श्चर (यंत्रावर भाग घट्ट धरणारी चौकट) लागतो. फिक्श्चर बनवणे हे पुण्याच्या हातचे काम आहे. हे काम संख्येने थोडे पण चांगल्या दराचे असते, आणि ते मागणाऱ्यांना ते करून देणारे सहज सापडत नाहीत.

आता यंत्राबद्दल. पाच-अक्षीय यंत्राचा हप्ता विमानाच्या आणि संरक्षणाच्या कामांतून निघत असेल, तर जरूर घ्यावे, आणि अवकाशाचे काम त्यावर वर्षाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त धरू नये. त्याआधी एएस ९१०० या गुणवत्ता प्रमाणपत्राची तयारी सुरू करावी. ते विमान आणि अवकाश दोन्हीकडे चालते आणि वाहन उद्योगाची गुणवत्ता पद्धत आपल्याकडे असेल तर निम्मी वाट चाललेली आहे. तापमान राखलेली तपासणीची खोली आणि सीएमएम (भागांची अचूक मापे घेणारे यंत्र) यावर खर्च आधी करावा, यंत्रावर नंतर, कारण चांगले कापलेले मोजून दाखवता आले नाही तर ते कोणी विकत घेत नाही. पहिले गिऱ्हाईक म्हणून मी रॉकेट कंपनीपेक्षा उपग्रहांचे उपघटक करणाऱ्या मध्यम कंपनीकडे, किंवा जमिनीवरच्या अँटेना करणाऱ्याकडे आधी जाईन. मुंबई आयआयटीतून निघालेल्या मनस्तू स्पेससारखे उपग्रहांची इंजिने करणारे नवउद्योग आपल्याच राज्यात आहेत. त्यांचा थ्रस्टर (उपग्रह ढकलणारे छोटे इंजिन) डिसेंबर २०२४ मध्ये पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यावर चाचणीसाठी अवकाशात पाठवला गेला. अशा ठिकाणी नग थोडे असतील, पण आपला माणूस आणि त्यांचा अभियंता एका टेबलावर बसून ड्रॉइंग बदलू शकतात, आणि शिकण्यासाठी ते फार मोलाचे आहे.

आपल्याकडे सध्या सीएमएम कोणता आहे, कोणत्या मिश्रधातूंवर काम झाले आहे आणि गेल्या वर्षी नाकारलेल्या नगांचे प्रमाण भागवार किती होते, एवढे कळवल्यास कोणत्या प्रकारच्या भागांपासून सुरुवात करावी, हे नेमके सांगता येईल. बँकेला तोवर तीन महिने थांबायला सांगावे.